आधी न्हाणीघर बघा, मग समुद्र

प्रश्न

ताई, नमस्कार. आमचं मूळ घर सोलापूरचं. सासूबाईंना यंदा एक्याऐंशीवं लागलं. गणपतीत सगळे जमलो होतो तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, "समुद्र एकदाच बघितला, मुंबईला, तोही टॅक्सीतून." माझी पुतणी टेक्सासहून फोनवर होती, तिनं ते उचलून धरलं. ती डिसेंबरात येतेय, तेव्हा नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून समुद्रावर जायचं ठरलं. सगळे म्हणजे २२ जण. सासूबाई, त्यांची धाकटी बहीण, आम्ही तिघी जावा आणि आमचे यजमान, नणंदेचं कुटुंब, सगळ्यांची मुलं-सुना-जावई, आणि थोरल्या दिरांचा दोन वर्षांचा नातू. सोलापूर, पुणे, नाशिक (धाकटे दीर), ठाणे (नणंद) असे विखुरलेले. मी पुण्यात, मध्यावर, म्हणून ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

मोठ्या जाऊबाई म्हणतात, गोव्याला चांगलं रिसॉर्ट घेऊ. थोरले भावजी म्हणतात एवढा खर्च कशाला, बंगला घेऊ, शेगडी-भांडी नेऊ, चार बायका आहेतच. नणंदेच्या घरी मासे हवेत. सासूबाई आणि मावशी माळकरी आहेत, शिवाय सासूबाईंचे गुडघे दुखतात. नणंदेचे यजमान बँकेतून निवृत्त झालेत, ते रोज नवा बेत पाठवतात. धाकट्या दिरांचं दुकान दोन वर्षं नीट चाललेलं नाही, पैशांचा विषय निघाला की ते ग्रुपवर बोलतच नाहीत. पुतणी म्हणाली सगळा खर्च मी करते, तर ते म्हणाले, मग आम्ही येत नाही. माझी मुलगी दहावीला आहे. तीन आठवडे नुसते फोन चालू आहेत आणि आता मलाच जावंसं वाटेनासं झालंय. कुठं जावं आणि हे कसं जमवावं?

– दोन नंबरची सून, पुणे

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कुणाला गोवा हवा, कुणाला मासे, कुणाला काटकसर, हे सगळं त्यात सविस्तर आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांना मात्र अर्धी ओळ मिळाली आहे. मी तिथूनच सुरुवात करणार. ज्यांच्या एका वाक्यामुळे ही सहल निघाली, त्यांच्या पायांना झेपेल तेवढीच ती लांब ठेवायची, असं माझं ठाम मत आहे.

हे मत मला आमच्याच घरानं शिकवलं. २०११ च्या डिसेंबरात आम्ही २६ माणसं अशीच समुद्रावर गेलो होतो. बंगला झकास, गच्चीतून समुद्र दिसायचा. आई तेव्हा ७९ वर्षांची. खोल्या वरच्या मजल्यावर, संडास खाली, आणि तोही उकिडवं बसायचा. पहिल्या दिवशी आई एकदा जिना उतरली. नंतर तिनं पाणी पिणंच कमी केलं. चहा दिला की "नको, पित्त होतं", सरबत दिलं की "नको, घसा धरलाय". आम्ही सगळे समुद्रात आणि ती गच्चीत खुर्चीवर हसतमुख बसलेली. तिसऱ्या रात्री तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. मी पाय चोळत होते आणि वहिनीनं उशाजवळचा तांब्या उचलला. सकाळी भरून ठेवला होता तसाच काठोकाठ होता. मुलाबाळांचा विरस नको म्हणून बाई तीन दिवस तहानलेली राहिली आणि आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. आई आता नाही. समुद्रावर जायचा विषय निघाला की मला लाटांच्या आधी तो तांब्या दिसतो.

म्हणून गाव ठरवायच्या आधी न्हाणीघर ठरवा. तळमजल्यावरची खोली, खोलीला लागून कमोड असलेलं न्हाणीघर, आणि दारापासून वाळूपर्यंत सासूबाईंना काठी टेकत चालता येईल एवढंच अंतर. या तीन गोष्टी जिथं मिळतील ते तुमचं गाव. बाकीच्या २१ जणांचं कुठंही जमतं.

आता गावांचं बघू. गोव्याला मी नाही म्हणेन. नाताळ ते ३१ डिसेंबर हा तिथला सगळ्यात महागाचा आणि गर्दीचा आठवडा, आणि पुण्याहून साडेचारशे किलोमीटर म्हणजे सासूबाईंचे दोन दिवस नुसते गाडीत. तारकर्ली मला स्वतःला फार प्रिय आहे, पण तीही जवळजवळ चारशे. गणपतीपुळ्याला देऊळ अगदी समुद्राला लागून, सासूबाईंना ते आवडेल हे खरं. पण तिथल्या पाण्याला ओढ फार, बुडाल्याच्या बातम्या तिथून पुन्हा पुन्हा येतात. पंचविशीतली पोरं आणि शाळकरी मुलं बरोबर असताना मी ते निवडणार नाही. अलिबाग, नागाव, काशिद मुंबईच्या इतकी जवळ की त्या आठवड्यात रस्ताही भरलेला आणि किनाराही.

तुमच्या घरासाठी मी दिवेआगर सुचवते. रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात. पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असं सुमारे १६५ किलोमीटर, थांबत थांबत गेलात तरी पाच-साडेपाच तास. ठाण्याहूनही साधारण तेवढंच. किनारा चारेक किलोमीटर लांब, सपाट आणि घट्ट वाळूचा. गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये वसलेलं, गाव आणि समुद्र यांच्यामध्ये सुरूचं आणि केवड्याचं बन. वाडीवाडीत राहण्या-जेवणाची घरगुती सोय आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळलं तेव्हा वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पुन्हा लावलेली झाडं अजून वाढतायत, त्यामुळे जुन्या फोटोंतली गर्द सावली सगळीकडे मिळेलच असं नाही. सासूबाईंसाठी गावातच सुवर्णगणेशाचं देऊळ आहे. तो सोन्याचा मुखवटा १९९७ मध्ये तिथल्याच एका वाडीत जमिनीखाली सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा घडवून बसवला. मावशींना ही हकिकत सांगायला गावातलं कुणीही आनंदानं बसेल.

२२ माणसांना सहा-सात खोल्या लागतील. दोन ठिकाणी विखरू नका, एकाच वाडीतलं आख्खं घर घ्या आणि दसऱ्याच्या आत पक्कं करा. फोन दुपारी तीननंतर करा, त्याआधी मालकीणबाई पंगतीत गुंतलेल्या असतात आणि "हो हो, सगळं आहे" एवढंच ऐकायला मिळतं. समुद्र किती जवळ, असं विचारू नका, सगळे "पाच मिनिटं"च सांगतात. त्यांची सवयीची पाच मिनिटं म्हणजे सासूबाईंची वीस. किती पावलं, वाट पक्की की वाळूची, मध्ये चढ-उतार किंवा पायऱ्या आहेत का, गाडी कुठवर जाते, हे विचारा. मग न्हाणीघराचा व्हिडिओ मागवा, आणि तो पाठवायला कुणी कुरकुर केली तर ते घर सोडा. उंबरठा किती उंच, फरशी गुळगुळीत आहे का, कमोडशेजारी धरायला काही आहे का, गीझर चालतो का, वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवा-पंखा राहतो का. दांडी नसेल तर बसवून द्याल का असं स्पष्ट विचारा. २२ माणसांचं गिऱ्हाईक दोन-तीन महिने आधी दांडी मागतंय म्हटल्यावर चांगला मालक गवंड्याला बोलावतो. पैसे भरताना तेवढी काळजी घ्या. इंटरनेटवर भलत्याच माणसांनी घराचे फोटो लावून आगाऊ रक्कम उकळल्याचे प्रकार होतात. व्हिडिओ कॉलवर घर आणि मालक दोन्ही बघा आणि मालकाच्याच नावाच्या खात्यात पैसे टाका.

शेगडी-भांड्यांच्या बेताला मात्र सरळ नकार द्या. इथं मी मोठ्या जाऊबाईंच्या बाजूची आहे. त्यांना गोव्याची हौस असेलही, पण मला त्यांच्या मागणीत दुसरंच ऐकू येतं. थोरल्या सुनेनं आयुष्यभर २०-२० माणसांच्या पंगती वाढल्या असणार, तिला चार दिवस आयतं ताट हवंय. रिसॉर्ट म्हटलं की ते आपोआप मिळतं, बंगला म्हटलं की "चार बायका आहेतच". तुम्ही त्यांना एकटीनं फोन करा आणि सांगा की गोवा नाही, पण चारही दिवस तुम्ही साधा चहासुद्धा करायचा नाही, हा माझा शब्द. त्या दिवेआगरला हो म्हणतील असं मला वाटतं. मग थोरल्या भावजींशी त्याच बोलतील, तुम्हाला बोलायची गरज पडणार नाही.

जेवणाचा गुंता दिसतो तेवढा मोठा नाही. माळकऱ्यांच्या ताटाशेजारी सुरमईचं ताट ठेवायचा आग्रह कुणीच करू नये. ज्या घरी शुद्ध शाकाहारी स्वयंपाक होतो तिथं राहा. दिवेआगरला अशी बरीच घरं आहेत, तिथला वाल, आमटी-भात आणि उकडीचे मोदक सासूबाईंना मानवतील. मासे खाणाऱ्यांनी दुपारचं जेवण गावातल्या खानावळीत आधी सांगून घ्यावं. नणंदेला हे "तुम्ही बाहेर खा" अशा सुरात सांगू नका. खानावळ शोधायचं आणि मासळी ठरवायचं काम त्यांच्याकडेच द्या. मासळीची पारख असलेल्या माणसाला याहून मोठा मान कुठला? एक मात्र बघून ठेवा. काही वर्षी डिसेंबरअखेर मार्गशीर्ष असतो. तुमच्या दिवसांत गुरुवार येत असेल आणि घरात कुणी महालक्ष्मीचं व्रत करत असेल, तर पूजेची सोय आणि उपासाचे पदार्थ मालकीणबाईंना आधी कळवा, आणि मासे त्या दिवशी टाळा.

पैशांबद्दल ग्रुपवर यापुढे एक अक्षर लिहू नका. धाकटे दीर तिथं गप्प राहतात कारण २२ जणांसमोर "मला झेपत नाही" हे वाक्य कुणाच्याच तोंडून निघत नाही. पुतणीचं मन मोठं आहे, पण "सगळा खर्च मी करते" हे तिनं काकांना उद्देशून म्हटल्यासारखं झालं. तेच आजीला उद्देशून म्हणू द्या. एक्याऐंशीव्या वर्षी आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन करतात. नातीनं आजीच्या सहस्रचंद्राची भेट म्हणून घराचं भाडं द्यावं, सगळ्या खोल्यांचं, आणि ते तिनं आधी सासूबाईंना सांगावं. आजीनं हौसेनं घेतलेली भेट कुणी मुलगा नाकारत नाही, आणि ती कुणा एकाला दिलेली मदतही ठरत नाही. मग उरतं जेवण आणि गाडी. जेवण माणशी, पाच वर्षांखालच्यांचं नाही. गाडीचा खर्च त्या गाडीत बसणाऱ्यांनी वाटून घ्यायचा. सासूबाई आणि मावशींचा वाटा चारही भावंडांनी सारखा उचलायचा. धाकट्या दिरांनाही त्यात सारखाच वाटा द्या, आईच्या वाट्यातून त्यांना वगळलंत तर ते जास्त लागेल.

हा हिशेब आधी कागदावर मांडा आणि प्रत्येक घराचा आकडा ज्याला त्याला वेगळा सांगा. धाकट्या दिरांकडे तुमच्या यजमानांनी जावं. फोन करू नये, नाशिकला जावं, भावाभावांनी समोरासमोर बसावं. आकडा माहीत असला की माणूस तयारी करतो, नसला की तो लांब राहतो. आणि वही नणंदेच्या यजमानांच्या हाती द्या. रोज नवा बेत पाठवणाऱ्या माणसाला जबाबदारीचं काम हवं असतं. बँकेत आयुष्य गेलेला माणूस चार दिवसांच्या खर्चाचा पैन् पै हिशेब ठेवेल, आणि तुमचा फोन जरा शांत होईल.

तारखा अशा धरा की ३१ डिसेंबरच्या आत सगळे घरी परतलेले असतील. शेवटच्या दोन दिवसांत किनाऱ्यावर आवाज, गर्दी, दारू, सगळंच वाढतं आणि भाडीही चढतात. तीन रात्री पुरे. दहावीच्या मुलीसाठीही तेवढंच बरं, जानेवारीत तिची पूर्वपरीक्षा असेल. तिला सकाळचे दोन तास आणि एक शांत कोपरा द्या, आणि ती रिकामी दिसली म्हणून दोन वर्षांचं बाळ तिच्या कडेवर देऊ नका.

सासूबाई आणि मावशींना आदल्या दिवशी सोलापूरहून रेल्वेनं पुण्यात आणा, रात्री तुमच्याकडे झोपू द्या. हे आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं आणि नाताळच्या आठवड्याचं लगेच भरतं. नाशिककर आदल्या रात्री ठाण्याला बहिणीकडे उतरले तर भाऊ-बहिणीला एकमेकांच्या घरी एक निवांत रात्रही मिळेल. पुण्याची गाडी पहाटे पाच-साडेपाचला सुटू द्या. सुट्टीत माणगावला मुंबई-गोवा महामार्गावर गाड्यांची रांग लागते, ती गाठ उन्हाच्या आत सुटलेली बरी. ताम्हिणीत वळणं आहेत, ज्यांना गाडी लागते त्यांना पुढं बसवा, पोटात थोडंसंच असू द्या, आल्याची वडी किंवा आवळा सुपारी हाताशी ठेवा. आणि घाट लागण्याआधी पौड-मुळशीच्या बाजूला एखादं स्वच्छ संडास असलेलं हॉटेल बघून थांबाच, पुढे बराच वेळ तशी जागा मिळत नाही. टेम्पो ट्रॅव्हलर केलीत तर ड्रायव्हरच्या झोपण्या-जेवणाची सोय घरमालकाशी आधी बोलून ठेवा. रात्रभर सीटवर अवघडून झोपलेल्या माणसाच्या हाती परतीचा घाट देऊ नये.

औषधं दोन ठिकाणी ठेवा, एक संच सासूबाईंच्या पिशवीत आणि एक दुसऱ्या गाडीत. दवाखाने आणि औषधांची दुकानं जवळच्या बोर्लीपंचतनला आहेत, सरकारी रुग्णालय श्रीवर्धनला.

आता समुद्र. सोलापूर-पुण्याच्या माणसांना तो दिसतो तसाच वाटतो, सकाळी शांत दिसला म्हणजे दिवसभर शांत. तसं नसतं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली १४ कॉलेजची मुलं बुडाली. तो किनारा दिवेआगरपासून फार लांब नाही, आणि तोही असाच सपाट. ओहोटीला पाणी लांबवर उथळ दिसतं, माणूस चालत आत जात राहतो, आणि तेच पाणी बाहेर खेचतं.

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, ती मुलांना शिकवा. तिथीचा आकडा पाऊणपट करायचा. सप्तमी असेल तर सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे पूर्ण भरती सव्वापाचच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही भरत्या साधारण त्याच आकड्याला, आणि मधल्या सहा तासांनी ओहोटी. रोज वेळ पाऊण तासानं पुढे सरकते. हा ठोकताळा आहे, नेमकी वेळ तिथल्या कोळ्याला विचारायची. पण यावरून दिवस आखता येतो. पाणी चढत असताना डुंबायचं, पूर्ण भरती होऊन पाणी फिरलं की बाहेर यायचं, ओहोटीत कुणीही आत उतरायचं नाही. षष्ठी ते नवमीच्या दिवसांत भरतीला जोर कमी असतो आणि संध्याकाळी पाणी चढतं मिळतं, तुमच्या तारखांत त्या तिथी आल्या तर उत्तमच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा गुडघ्यापर्यंतच. दोन मोठी माणसं कपडे न बदलता काठावर उभी राहतील, नजर फक्त पाण्यात असलेल्यांवर, हातात मोबाइल नाही. पाळी अर्ध्या अर्ध्या तासाची. दारू घेतलेल्याला पाण्यात सोडायचं नाही, मग तो जावई असो. हे सांगायचं काम थोरल्या दिरांचं, त्यांच्या शब्दाला धार आहे असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

रोज सकाळपासून रात्रीपर्यंत २२ जणांनी एकत्र असायलाच हवं, हा हट्टही सोडा. सकाळी ज्याला जे करायचं ते करू द्या. तरुणांना दिघीहून होडीनं जंजिऱ्याला जाऊ द्या. होडीतून किल्ल्याच्या दारात उतरणं हे हलत्या पाण्यातलं काम, म्हणून सासूबाईंनी तिकडे जाऊ नये. त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवा आणि भरडखोल, शेखाडी, आरावीवरून श्रीवर्धनला जाणाऱ्या रस्त्यानं न्या. तो रस्ता बराच वेळ समुद्राला धरूनच चालतो. मुंबईला टॅक्सीच्या खिडकीतून क्षणभर दिसलेला समुद्र त्यांना इथं बसल्या जागी तासभर दिसेल, आणि हवं तिथं गाडी थांबवता येईल. श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव, मावशींना त्यात रस असला तर तेही होईल.

एकत्र यायचं ते रात्री. आणि त्यातली एक रात्र पोपटीची ठेवा. रायगडात हिवाळ्यात वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लावतात. तुमच्या दिवसांत शेंगा मिळतील का हे मालकांना आधीच विचारा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा, म्हणजे एका वासाच्या रानरोपाचा, पाला, वर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, बटाटे, कांदे, पुन्हा पाला ठासून तोंड बंद, आणि मडकं जमिनीवर उपडं. भोवती काटक्या आणि पेंढा रचून पेटवायचं. अर्धा-पाऊण तास जाळ. शिजली की नाही हे बघायला मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारतात, चर्र झालं की काढायची. उघडल्याबरोबर भांबुर्ड्याचा तो उग्र, हिरवा वास सगळ्या वाडीत पसरतो. सगळे गोल बसून बोटं भाजत शेंगा सोलतात, आणि सोलताना हात गुंतलेले असल्यानं माणसं बोलायला लागतात. त्या घरी शुद्ध शाकाहार आहे, तेव्हा मडक्यात कोंबडी-अंडी घालायचा विषय तिथं काढू नका. त्या रात्री सासूबाई सगळ्यांच्या ताटातलं खाऊ शकतील, एवढ्यासाठी एक रात्र कोंबडीवाचून काढायला काय हरकत आहे?

आता तुमच्याबद्दल. तुम्हाला जावंसं वाटेनासं झालंय कारण चार दिवस तिथंही तुम्ही हेच करत असाल हे तुम्हाला दिसतंय. सासूबाईंना चार मुलं आहेत. दिवस चार, मुलं चार. एकेका दिवशी एकेकानं आईजवळ राहायचं. तिच्या गोळ्या, तिचं न्हाणीघर, तिचं पाणी, संध्याकाळी तिला हात धरून वाळूवर नेणं, हे त्या त्या दिवशी त्यानं किंवा तिनंच करायचं, सुनांनी नाही. मुलाला आईला न्हाणीघरात न्यायचा संकोच वाटेल, तेवढ्यापुरतं नातीनं किंवा लेकीनं यावं, पण बाहेर उभं त्यानंच राहावं. तुमच्या यजमानांचा पहिला दिवस ठेवा, म्हणजे पुढच्यांना पायंडा पडेल. तांब्या किती वेळा भरला हे ज्याचा दिवस त्यानं बघायचं. घर पक्कं केलंत आणि हे वाटून दिलंत की तुमचं काम झालं. तुम्ही पाण्यात उतरायचा पोशाख घेऊन जा आणि पाणी चढतं असेल तेव्हा मनसोक्त डुंबा.

सासूबाईंसाठी किनाऱ्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या न्या, एक त्यांची, एक त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याची. भरती पूर्ण व्हायच्या थोडं आधी खुर्ची अशा जागी ठेवा की लाटेचं फेसाळ पाणी घोट्यापर्यंत येऊन परत जाईल. तेवढ्या पाण्याखाली वाळू सरकते आणि खुर्चीचे पाय रुतून ती एका बाजूला कलते, म्हणून घरमालकांकडून रुंद फळी मागून ती खाली घाला, आणि पाठीमागून खुर्चीला हात लावून कुणीतरी उभं राहा.